आक्काच्या कानाचा करारनामा

माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिच्या कानातलं मशीन एका सोमवारी सकाळी अडून बसलं. बिघडलं नाही. बिघडलं असतं तर बरं झालं असतं, दुकानात नेऊन टाकलं असतं. मशीन ठणठणीत होतं, चार्जिंग भरलेलं होतं. पण ज्या अ‍ॅपमधून ते चालतं, त्या अ‍ॅपने रात्रीतून स्वतःला नवं करून घेतलंन आणि सकाळी उठून आक्कालाच विचारू लागलं, की आमचा करारनामा तुम्हाला मान्य आहे का.

मान्य म्हणेपर्यंत पुढे जायची सोय नाही. मारुती मंदिराजवळच्या दुकानातल्या बाईंनी आक्काला तीनदा बोलावून, कुठल्या कानाला कुठला आवाज किती मोठा करायचा ते सगळं बसवून दिलं होतं. ते सगळं त्या अ‍ॅपच्या पोटात. अ‍ॅप रुसलं की मशीन कारखान्यातून निघालं तेव्हासारखं कोरं होतं आणि कानात नुसती शिट्टी मारतं. आक्काने ते काढून डबीत ठेवून दिलंन आणि ठार बहिरी होऊन बसली.

मला कळलं ते मस्कतहून. आक्काची एकुलती एक लेक तिकडे नर्स आहे. यजमान गेल्यापासून आक्का मांडवीला एकटी राहते आणि रोज दुपारी चार वाजता लेकीचा फोन येतो. तो फोन त्या मशीनमधून थेट कानात ऐकू यायचा, म्हणून तर लेकीने एवढं हौसेने ते पाठवलंन होतं. बाकीचा दिवस आक्का चार वाजायची वाट बघण्यात काढते असं म्हटलं तरी चालेल.

"मामा, आई फोन उचलते आणि नुसतं हॅलो हॅलो करून ठेवून देते," भाची म्हणाली. "तू जरा जाऊन बघशील? मला इथे काही सुचत नाहीये."

मी राहतो पालीला. मंगळवारी सकाळची एसटी धरून रत्नागिरीला उतरलो, तिथून रिक्षाने मांडवी. आक्का पायरीवर बसली होती, फोन मांडीवर, चष्मा कपाळावर. मला बघून म्हणाली, "आलास? बघ मेलं काय विचारतंय ते." ऐकू येत नसलं की माणसाला आपला आवाज कळत नाही. समोरच्या घरातली बाई बाहेर डोकावून गेली.

मी फोन घेतला. वर इंग्रजीत बारीक मुंग्यांसारखा मजकूर, खाली एक रिकामा चौकोन, चौकोनापुढे लिहिलेलं: मी वरील सर्व वाचलं असून मला ते मान्य आहे. तेवढं मेल्यांनी मराठीत दिलं होतं. बाकीचं वाचायला इंग्रजी, कबूल करायला मराठी. मी अंगठा पुढे केला आणि आक्काने माझं मनगट धरलं. ऐंशीच्या घरातली बाई, पण विहिरीतून पाणी ओढलेला हात आहे तो.

"वाचलंस?"

"अगं, कोण वाचतंय. सगळे दाबतात."

तिला ऐकू आलं नाही, पण माझं तोंड बघून कळलं. "वाचलेलं नाहीस," ती म्हणाली.

आक्काच्या घरी जुन्या कॅलेंडरची पानं फेकत नाहीत. पाठ कोरी असते, तिच्यावर ती वाण्याची यादी करते. त्यातलं एक पान ओढून मी मोठ्या अक्षरात लिहिलं: नेहमीचंच आहे. दाबतो.

तिने ते वाचलं. बराच वेळ वाचलं, तीनच शब्दांना लागावा त्याहून पुष्कळ जास्त. मग पान माझ्याकडे सरकवून म्हणाली, "नेहमीचंच असेल तर वाचून दाखवायला तुझं काय जातंय? जन्मभर लोकांना वाचून दाखवत आलास ना? मग मला दाखव."

तिचं हे बोलणं म्हणजे मला तेव्हा टोमणा वाटला, माझ्या धंद्यावरचा.

मी दस्तलेखक होतो. रजिस्टर ऑफिसच्या आवारात चाळीस वर्षं टेबल टाकून बसलो. खरेदीखत, बक्षीसपत्र, गहाणखत, जे लागेल ते लिहून द्यायचो. आता सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि माझ्यासारख्याचं काम संपलं, त्याबद्दल मला जे बोलायचं ते घरी बोलून झालेलं आहे आणि बायकोने कान झाकून घेतलेले आहेत. पण एक गोष्ट मी अभिमानाने सांगत आलो. दस्ताच्या शेवटी एक ओळ असते: सदर दस्त लिहून देणार यास वाचून दाखविला, तो समजून उमजून, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता सही केली असे. ही ओळ सगळेच लिहितात. मी ती खरी करायचो. माणूस अडाणी असो, घाईत असो, त्याच्यामागे वकील उभा असो, मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचायचो. एका म्हाताऱ्याने माझ्याकडून बक्षीसपत्र तीनदा वाचून घेतलं होतं आणि तिसऱ्यांदा ऐकल्यावर, नको, राहू दे, म्हणून छत्री उचलून चालता झाला. बरोबर आलेला त्याचा पुतण्या मला शिव्या देत गेला. मी ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल, लग्नात, एसटीत, जिथे ऐकणारा सापडेल तिथे.

म्हणजे आक्काने माझ्या नेमक्या वर्मावर बोट ठेवलं होतं. ठीक आहे, म्हटलं, वाचतो. त्यात काय, कोर्टाचं इंग्रजी मला येतं.

पण वाचू देतील तर ना. मी भिंग घेऊन बसलो. दोन परिच्छेद होतात न होतात तोच पडदा काळा. पुन्हा उघडला तर अ‍ॅप म्हणतं, वेळ संपली, पुन्हा आत या. पुन्हा आत आलो तर मजकूर पहिल्या ओळीपासून. बोटाने वर ढकलत ढकलत आपली जागा शोधायची, सापडली की चार ओळी वाचायच्या, पुन्हा काळोख. दस्त वाचताना कोणी दर दोन मिनिटांनी माझ्या हातातून कागद हिसकावून घेतला असता तर मी त्याच्या कानाखाली आवाज काढला असता. इथे कोणाच्या कानाखाली काढणार?

दुपारपर्यंत माझं डोकं भणभणलं. मग मदतीचा नंबर शोधून फोन लावला. आधी एक, मग चार, मग नऊ दाबून झालं, बराच वेळ सनई ऐकून झाली, तेव्हा एक मुलगी आली. हिंदीत बोलत होती, गोड बोलत होती, म्हणून तर जास्त राग येत होता.

मी तिला सांगितलं, मला तुमचा करारनामा कागदावर पाठवा, मराठीत.

"सर, वो तो सिर्फ ऐप में है."

"मग जरा स्थिर ठेवा. वाचता येत नाही."

"सर, उसको पढ़ना ज़रूरी नहीं है. आप बस एग्री कर दीजिए."

"अहो, त्यात लिहिलंय की मी वाचलं आहे. न वाचता वाचलं म्हणून कसं लिहून देऊ? आणि एखादं कलम नको असेल तर ते खोडायचं कुठे?"

मग ती म्हणाली, एक मिनिट होल्ड करा, आणि पुन्हा सनई. मी त्या सनईत आक्काचा अख्खा भात शिजेपर्यंत बसलो आणि फोन आपला आपणच बंद झाला.

आक्का हे सगळं बघत होती. ऐकू येत नव्हतं, पण माझे हातवारे दिसत होते. पिठल्याचं ताट पुढे करत म्हणाली, "रक्तदाब वाढेल. जेव आधी."

चार वाजता भाचीचा फोन आला. आक्काने तो उचलला आणि लगेच माझ्या हातात दिलान. भाची बोलेल ते मी कॅलेंडरच्या पाठीवर लिहायचं, आक्का ते वाचणार, उत्तर मोठ्याने देणार, आणि तोवर पलीकडे पोरगी गप्प बसून राहणार. जेवलीस का, गोळी घेतलीस का, एवढ्यालाच दहा मिनिटं गेली. मग भाची म्हणाली, "मामा, मला तिच्याशी बोलायचंय रे. तुझ्याशी नाही." तिचं चुकलं नव्हतं. मी ते लिहिलं नाही. आक्का माझ्या पेनाकडे बघत राहिली.

"दाबून टाक ना तू," भाची शेवटी म्हणाली. "आईला कळणार पण नाही."

खरंच कळलं नसतं. आक्का गॅसवर चहा ठेवायला आत गेली होती आणि फोन माझ्या हातात होता. मी तो चौकोन उघडून बसलोसुद्धा. अंगठा टेकवायचा अवकाश होता. पण फोन ती माझ्यापाशी टाकून गेली होती, मागे वळूनही न बघता, आणि तेच मला आवडेना. मी फोन पालथा घातला.

बुधवारी सकाळी मी पुन्हा मांडवीला पोचलो तर आक्काच्या कोपराला पट्टी. दूध आणायला निघाली होती, मागून रिक्षा हॉर्न वाजवत आली, हिला पत्ता नाही. आरसा कोपराला लागला. रिक्षावाला वर तिलाच बोलला. "काय बोलला ते ऐकू आलं नाही, ते एक बरं झालं," ती हसून म्हणाली. मला हसू आलं नाही. रिक्षा वीतभर आणखी आत असती तर आज मी हे वेगळ्या तऱ्हेने लिहीत बसलो असतो.

मी पान ओढून लिहिलं: हट्ट पुरे. दाबू दे.

"हट्ट नाही," ती म्हणाली. "लिहून काढ तू. मी वाचते. ऐकू येत नाही, डोळे आहेत."

तर मग लिहून काढलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तीन दिवस. पडदा काळा होण्याआधी चार ओळी टिपायच्या, त्यांचं मराठी करायचं, आणि आक्काच्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात कॅलेंडरच्या पाठीवर उतरवायचं. जानेवारीपासून सुरुवात केली. गुरुवारी दुपारी डिसेंबर संपला आणि त्याआधीच्या वर्षाचा मार्च उघडावा लागला, जानेवारी-फेब्रुवारी वाण्याच्या यादीत गेले होते. बोटं आखडली. रोज पाली-मांडवी, मांडवी-पाली. बायको म्हणाली, निवृत्त झाल्यावर एवढं काम कोणी करत नाही. मी तिच्यावर खेकसलो, आणि मग चहा मी केला.

आणि मजकूर काय, म्हणता? मी चाळीस वर्षांत चांगले, वाईट, लबाड, सगळे दस्त पाहिले, पण असला नाही. आक्का एकेक पान हातात घेऊन वाचायची आणि माझ्याकडे बघायची, जणू हे मीच केलं आहे.

एका कलमात होतं की मशीन तुमच्या मालकीचं, पण मशीनच्या आत जे चालतं ते कंपनीचं. तुम्हाला ते फक्त वापरायची परवानगी आहे आणि ती कधीही काढून घेता येईल.

"म्हणजे माझ्याच कानात मी कूळ म्हणून राहायचं?" आक्का म्हणाली.

पुढे होतं की तुमच्या आसपास किती आवाज असतो, तुम्ही मशीन किती वेळ घालता, कधी काढता, हे सगळं कंपनी टिपून ठेवील. आक्काने विचारलंन, "कशाला?" मी लिहिलं, सुधारणेसाठी. "कोणाच्या?" ती म्हणाली.

मग होतं की हा करारनामा कंपनी केव्हाही बदलील आणि बदलल्यावरही तुम्ही मशीन घातलंत तर तुम्हाला बदल मान्य आहे असं समजलं जाईल. हे मराठीत उतरवताना माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. असलं कलम घालून मी दस्त नेला असता तर निबंधक साहेबांनी तो माझ्या तोंडावर फेकला असता. आज सही केलेला कागद उद्या समोरचा माणूस आपल्या घरी बसून बदलणार, आणि तरी सही तुझीच. याला दस्त म्हणत नाहीत. आणि भांडण झालं तर दाद कुठे मागायची, तर सातासमुद्रापलीकडच्या कुठल्याशा गावातल्या कोर्टात. आक्काने त्या गावाचं नाव दोनदा वाचलंन आणि पान बाजूला ठेवून शेंगा सोलायला घेतल्यान.

मी मात्र तापलो होतो. अंगणात येरझाऱ्या घालत बडबडत होतो, ऐकणारं कोणी नसताना. लोकांना फसवण्याची ही काय रीत झाली? वाचता येणार नाही असं लिहायचं, वाचू द्यायचं नाही, आणि वर वाचलं म्हणून लिहून घ्यायचं. माणसाला अडवून धरायचं, त्याच्या कानावर पाय ठेवायचा, आणि म्हणायचं राजीखुशीने. मेल्यांना लाज नाही. समोरची बाई पुन्हा डोकावून गेली.

शुक्रवारी दुपारी शेवटची पानं झाली. मी पेन ठेवून बोटं दाबत बसलो. आक्का पायरीवर उन्हात बसून वाचत होती. मी शेवटून दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: या यंत्राच्या वापरामुळे माझं काही नुकसान झालं तर त्याबद्दल दाद मागण्याचा माझा हक्क मी आज रोजी कायमचा सोडून देत आहे. पुढे माझा अथवा माझ्या वारसांचा त्यावर काहीही हक्क उरणार नाही.

इंग्रजीत ते एवढं नेटकं नव्हतं. माझ्या हाताने ते आपोआप असं लिहिलं. सवयीचा हात.

आक्का त्या पानावर थांबली. इतका वेळ थांबली की मला वाटलं चष्मा बदलायला हवा.

"हे असंच होतं ना रे त्यात?" ती म्हणाली. या वेळी आवाज मोठा नव्हता.

कशात, ते मी विचारलं नाही. मला लगेच कळलं, आणि कळलं म्हणजे इतके दिवस कळत नव्हतं असंही नाही.

वडील गेल्यावर चौथ्या वर्षी मी आक्काकडून हक्कसोडपत्र करून घेतलं. पालीची जमीन, घर, पडवी, आंब्याची कलमं, सगळ्यावरचा बहिणीचा हिस्सा भावाला सोडून द्यायचा. आमच्याकडे सगळ्याच बहिणी करतात, कोणी विचारतही नाही. आक्का तेव्हा पूर्णगडला होती, तिचे यजमान तिथे शाळेत मास्तर होते. ती एका दिवसासाठी रत्नागिरीला आली. एकची गाडी परत धरायची होती, लेक तापाने फणफणलेली घरी होती. दस्त मीच लिहिला होता, माझ्याच टेबलावर, माझ्याच अक्षरात. तिने विचारलं, "काय लिहिलंयस रे?" आणि मी म्हणालो, "नेहमीचंच आहे. कर सही." ती खाली बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्या सही केली, टेबलावरचा चहा तसाच ठेवला आणि स्टँडकडे धावली. त्याच दुपारी मी एका परक्या माणसाला त्याचं गहाणखत पाऊण तास वाचून दाखवलं.

"त्यात विहीर पण होती काय?" आक्काने विचारलंन.

ती विहीर वडिलांनी जांभ्या दगडात खणली. मी तेव्हा रांगत होतो. आक्का आठ वर्षांची होती आणि तिने घमेल्यातून दगड वाहिले होते. आई सांगायची, हाताला फोड आले तरी पोर थांबेना, पाणी लागलेलं तिलाच आधी बघायचं होतं. त्याच विहिरीत ती पोहायला शिकली, आणि मग तिने मला शिकवलं, कमरेला सुके भोपळे बांधून. हमरस्त्याच्या बाजूची ती जागा मी सहा वर्षांपूर्वी एका हॉटेलवाल्याला विकली. आक्काला कळवायची गरज नव्हती, तिची सही लागत नव्हती. ती दिवाळीला आली, भाऊबीजेला, आणि मागच्या दाराने विहिरीकडे गेली. तिथे आता गाड्या लावायला फरशा बसवल्या आहेत. ती परत आली, मला ओवाळलंन, जेवली आणि गेली. एक अक्षर बोलली नाही. मी मनात म्हटलं, सुटलो.

मी कॅलेंडरचं पान ओढलं. पेन हातात धरलं. शेवटी नुसती मान हलवली. हो, होती.

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला उत्तर देता आलं असतं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, तीस वर्षांत एकेक करून जमवलेली: सगळ्याच बहिणी करतात, जमीन सांभाळली कोणी, तुझ्या लेकीच्या लग्नात मी उभा राहिलो. पण त्यातलं एकही तिला ऐकू आलं नसतं.

तिने राहिलेलं एक पान वाचून काढलं, सगळी पानं जुळवून मांडीवर ठोकून सरळ केली. मग फोन हातात घेतला.

"मान्य नाही, पण दाबते, असा चौकोन आहे काय रे कुठे?"

मी मान हलवली. नाही.

"पोरीचा आवाज ऐकायचाय," ती म्हणाली, आणि स्वतःच्या बोटाने चौकोनात खूण केलीन. मग डबी उघडून मशीन दोन्ही कानांत बसवलंन. जरा वेळ गेला. समुद्राकडून वारा येत होता, माडाच्या झावळ्या वाजत होत्या. ती मान तिरकी करून ते ऐकत होती.

चार वाजता फोन आला. मी उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आक्का हळू आवाजात बोलत होती, ऐकू येणाऱ्या माणसासारखी. मध्येच हसली. रिक्षाचं काही सांगितलं नाहीन. अर्धा तास बोलली असेल. मग मला हाक मारलीन.

"उद्या येताना तो कागद घेऊन ये," ती म्हणाली. "नक्कल असेल ना तुझ्याकडे. आता ऐकू येतंय मला."

नक्कल होती. ट्रंकेत, वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याखाली. रात्री ती काढताना बायकोने विचारलं कशाला हवीय, मी म्हटलं आक्काला वाचून दाखवायची आहे. तिने ट्रंकेवरची धूळ पुसायला फडकं दिलंन.

शनिवारी आक्काने मला पायरीवर नाही, आत खुर्चीवर बसवलं. स्वतः समोर बसली. मी हिरवट कागद उघडला आणि वाचायला लागलो, रजिस्टर ऑफिसच्या आवारात वाचायचो तसं, सावकाश, मोठ्याने. ती हात वर करून म्हणाली, "ओरडू नकोस. ऐकू येतं." मी आवाज खाली आणला. लिहून देणार अमुक, लिहून घेणार अमुक, नातं बहीण-भाऊ. पूर्वेस वहाळ, पश्चिमेस हमरस्ता. घर, पडवी, गोठा, कलमं बेचाळीस. विहीर पक्की जांभ्याची एक, पाणी उपसण्याच्या वहिवाटीसह. इथे मी थांबलो. तिने बोटाने खूण केली, पुढे. सदर मिळकतीवर माझा अथवा माझ्या वारसांचा काहीही हक्क उरलेला नाही. तिथपर्यंत आलो आणि कागद मिटू लागलो.

"संपलं?"

"एक ओळ आहे."

"मग वाच की."

ती ओळ मला पाठ होती. हजारदा लिहिलेली, कागदाकडे न बघता म्हणता आली असती. मी कागदात तोंड घालून वाचली. सदर दस्त लिहून देणार हिला वाचून दाखविला, तो तिने समजून उमजून, राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता सही केली असे.

आक्का माझ्याकडे बघत होती. कानातलं मशीन बोटाने जरा आत ढकललंन.

"आता दाखवलास," ती म्हणाली. "सही तेवढी आधी घेतलीस."